कॅप्टनची टोपी

तेरा वर्षं एकाच टीमकडून खेळलेला माणूस पाहुणा म्हणून परत येतो, तेव्हा त्याचं शहर काय करतं? नोव्हेंबर २०२४मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोत ते बघायला मिळालं. आणि त्याच रात्री पुण्याला एक फोनही करावा लागला…

ऑफिसच्या कामाने अमेरिकेला जाण्यात आता पूर्वीचं ग्लॅमर उरलेलं नाही. सोसायटीतल्या वॉचमनलाही ठाऊक असतं की ताई तीन आठवड्यांत परत येणार आणि येताना चॉकलेटं आणणार. नोव्हेंबर २०२४मध्ये निघाले तेव्हा माझ्या बॅगेत वहिनीसाठी भाजणीची चकली आणि मेतकूट होतं आणि लॅपटॉपमध्ये एक फॉर्म. चकली कस्टम्समधून सहीसलामत सुटली. फॉर्म मात्र मानगुटीवर बसून हिंजवडीहून थेट फ्रीमाँटपर्यंत आला.

तसा फॉर्म साधाच. आमच्या टीममधल्या एका सीनियरचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरअखेर संपत होतं. रिन्यू करायचं की नाही? 'हो' किंवा 'नाही'वर टिक करायची, खाली चार ओळींत कारण लिहायचं. मुदत शुक्रवार, १५ नोव्हेंबर.

या सीनियरना अख्खा फ्लोअर काका म्हणतो. वय चौपन्न. मी नवीन होते तेव्हा माझा पहिला कोड त्यांनी शेजारी खुर्ची ओढून, माझ्याकडूनच तीनदा तपासून घेतला होता. चूक त्यांना पहिल्या मिनिटाला दिसली असणार, पण बोलले नाहीत. मला सापडेपर्यंत शांतपणे शेंगदाणे खात बसले होते. आता आमचं काम नव्या सिस्टिमवर गेलंय. काका राजे होते ते जुन्या सिस्टिमचे. नवी पोरं निम्म्या पगारात दुप्पट वेगाने काम उरकतात. आणि टीम लीड मी. म्हणजे टिक मीच करायची.

मावसभावाच्या घरी पोचले, बॅग उघडली. चकलीचा पहिला तुकडा तोंडात टाकत दादा म्हणाला, "मंगळवारी संध्याकाळी मीटिंग ठेवू नकोस. मॅचची तिकिटं काढलीत. क्ले परत येतोय."

"कोण क्ले?" मी विचारलं.

घरात एकदम सुतकी शांतता. वहिनीने हातातली चकली खाली ठेवली. पुण्यात येऊन 'कोण सचिन?' असं कुणी विचारलं तर काय होईल? अगदी तसंच!

हा क्ले कोण?

क्ले थॉम्प्सन. बास्केटबॉलच्या एनबीएमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्स या टीमने त्याला २०११मध्ये घेतला. जोडीला स्टेफ करी होताच. (हो, आडनाव करीच. यावरचे सगळे विनोद बे एरियातल्या देशी लोकांनी केव्हाच संपवलेत.) लांबून, थ्री-पॉइंटच्या रेषेबाहेरून बॉल टाकण्यात या दोघांचा हात धरणारं कुणी नव्हतं. २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशा चार चॅम्पियनशिप त्यांनी एकत्र जिंकल्या.

करी हा नाचणारा, हसणारा स्टार. क्ले त्याच्या उलट, मुकाट्याने काम करणारा. ५ डिसेंबर २०१६च्या मॅचमध्ये त्याने फक्त २९ मिनिटांत ६० पॉइंट काढले. खरी गंमत पुढे आहे. त्या ६० पॉइंटसाठी त्याने बॉल जमिनीवर आपटला तो एकूण ११ वेळा! पास आला की टाकला, विषय संपला. ऑफिसात असतात ना काहीजण, मीटिंगमध्ये अवाक्षर बोलत नाहीत आणि संध्याकाळी काम पूर्ण करून घरी जातात? त्यातला.

जानेवारी २०१५मध्ये त्याने एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १२ मिनिटांत, ३७ पॉइंट ठोकले. एनबीएत तो विक्रमच. समोर होती सॅक्रॅमेंटो किंग्ज, ज्यांचे मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले, वाढलेले. आधी वॉरियर्समध्येच त्यांची भागीदारी होती. २०१३मध्ये त्यांनी किंग्ज विकत घेतली. हीच किंग्ज ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबईत आली होती, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. ऑफिसच्या पासवर मी दुसऱ्या दिवसाची मॅच बघितली होती. नियम कळले नव्हते, पण फोटो भरपूर काढले होते. ही टीम या गोष्टीत परत येणार आहे, लक्षात असू द्या.

गेलेल्यांचं गाव

शनिवारी दादा म्हणाला, "नवीन स्टेडियम बघायच्या आधी जुनं बघ. नाहीतर मंगळवारी लोक का रडतात ते कळायचं नाही."

फ्रीमाँटहून बार्ट पकडली. ही त्यांची लोकल, पण खिडकीतून हात बाहेर काढता येत नाही आणि चौथी सीट मागणारंही कुणी नाही. कोलिसियम स्टेशनवर उतरलो. स्टेशनातून एक लांबलचक पादचारी पूल थेट स्टेडियमकडे जातो. मॅचच्या दिवशी हा पूल दादरच्या पुलासारखा वाहायचा म्हणे. बाजूला टी-शर्टवाले, पाणीवाले, सॉसेज भाजणारे. आम्ही गेलो तेव्हा पुलावर आम्ही तिघं आणि एक सायकलवाला.

पुलापलीकडे दोन भल्यामोठ्या इमारती. एक ओकलंड अरीना, वॉरियर्सचं जुनं घर. १९७१पासून, मधलं एखादं वर्ष सोडलं तर, ते २०१९पर्यंत ओकलंडमध्येच खेळले. दुसरं कोलिसियम, तिथे बेसबॉलची ए'ज ही टीम १९६८पासून होती. फुटबॉलवाले रेडर्स २०२०मध्ये लास वेगासला गेले. ए'जची इथली शेवटची मॅच २६ सप्टेंबर २०२४ला झाली, म्हणजे आम्ही पोचलो त्याच्या जेमतेम दीड महिना आधी. पाच-सहा वर्षांत एका शहराच्या तिन्ही टीम निघून गेल्या. पार्किंगच्या मोकळ्या डांबरावर सीगल पक्षी निवांत फिरत होते. एवढी रिकामी जागा मी मुंबई-पुण्यात तरी बघितलेली नाही.

ओकलंड हे बंदराचं, कामगारांचं शहर. समोर खाडीपलीकडे सॅन फ्रॅन्सिस्को, पैसेवाला शेजारी. वॉरियर्स गेले ते त्या शेजाऱ्याकडे. २०१५, २०१७ आणि २०१८च्या विजयाच्या मिरवणुका ओकलंडमध्ये निघाल्या होत्या. २०२२ची मात्र खाडीपलीकडे, मार्केट स्ट्रीटवर.

बंद दरवाज्यासमोर उभं राहून दादाने १३ जून २०१९ची गोष्ट सांगितली. या इमारतीतली वॉरियर्सची शेवटची मॅच, टोरंटोविरुद्ध फायनलची सहावी. क्लेचे ३० पॉइंट झाले होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो उडी मारून खाली आला आणि त्याचा डावा गुडघा गेला. लिगामेंट तुटलं. त्याला आधार देऊन आत नेत होते. पण नियम असा की फाउल झालेल्याने स्वतः फ्री थ्रो टाकले नाहीत, तर त्याला पुन्हा खेळायला येता येत नाही. क्ले मधूनच मागे फिरला. फाटलेल्या गुडघ्याने चालत आला, दोन्ही फ्री थ्रो टाकले, दोन्ही आत. वर डिफेन्सला धावायलाही लागला!

"मी इथेच होतो," दादा म्हणाला. "एकोणीस हजार लोक, आणि टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता."

वॉरियर्स ती फायनल हरले. पुढच्याच महिन्यात क्लेचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. गुडघा तुटलेला, वर्षभर खेळणार नाही हे नक्की. तरी टीमने त्याला पाच वर्षांसाठी १९ कोटी डॉलर दिले. तेव्हाच्या भावाने साधारण तेराशे कोटी रुपये. गुडघा बरा होतोय न होतोय तोवर नोव्हेंबर २०२०मध्ये टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटला. तो परत कोर्टवर उतरला थेट ९ जानेवारी २०२२ला, ९४१ दिवसांनी. त्याच वर्षी चौथी चॅम्पियनशिप. घरच्या मॅचला तो खाडीतून स्वतःची मोटरबोट चालवत यायचा, डोक्यावर कॅप्टनची टोपी. म्हणून 'कॅप्टन क्ले'.

ठेवायचं की नाही?

संध्याकाळी लेक मेरिटच्या काठाने चालताना नवरा-बायकोत जुंपली. हा वाद या घरात सहा महिने चालू होता, हे मला नंतर कळलं.

आधी प्रश्न समजून घ्या. २०२४च्या उन्हाळ्यात क्लेचं ते पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. वय ३४. कॉन्ट्रॅक्ट संपलं की खेळाडू 'फ्री एजंट' होतो, कुठेही जायला मोकळा. वॉरियर्सने त्याला पुन्हा घ्यावं का?

"नको," दादा म्हणाला. "शेवटच्या वर्षी त्याला ४ कोटी ३२ लाख डॉलर मिळाले. टीम ४६ मॅच जिंकून कुठे होती? वेस्टमध्ये दहावी! १६ एप्रिलला सॅक्रॅमेंटोला प्ले-इन मॅच. हरलो तर सीझन खलास. त्याने १० वेळा बॉल टाकला. आत किती गेले? शून्य. एक पॉइंटसुद्धा नाही. ११८-९४ने मार खाल्ला."

(बघा, आली ना आपल्या मुंबईकर मालकांची किंग्ज?)

"एका मॅचवरून माणूस ठरतो का रे?" वहिनी म्हणाली. "त्याच सीझनमध्ये ॲव्हरेज १७.९ होतं. थ्री-पॉइंटर जवळजवळ ३९ टक्के. फेब्रुवारीत त्याला स्टार्टिंगमधून काढून बेंचवर बसवला, नवख्या पोराला घेतलं. पहिल्या वर्षानंतर प्रथमच तो बेंचवरून आला आणि त्या रात्री त्याने युटाविरुद्ध ३५ मारले. रुसून बसला नाही."

"रुसला होता."

"रुसला असेल. पण ३५ मारून रुसला!"

मग पैशाचा हिशोब निघाला. एनबीएत प्रत्येक टीमच्या पगाराला मर्यादा असते, सॅलरी कॅप. २०२४-२५साठी ती १४ कोटी डॉलरच्या जरा वर होती. स्वतःच्या जुन्या खेळाडूला ठेवायला ती ओलांडता येते, पण एका पातळीच्या वर गेलं की दंड बसतो. सोसायटीचा मेंटेनन्स थकवल्यावर बसतो तसा, आणि थकबाकी वाढली की दंडाचा दरही वाढतो. वॉरियर्सने २०२३-२४मध्ये नुसत्या या दंडापोटी १७ कोटी डॉलरच्या वर भरले. आणि २०२३पासूनच्या नव्या नियमांत फार वर गेलेल्या टीमचे व्यवहार करायचे हातच बांधले जातात.

"बघ," दादा म्हणाला. "म्हणजे ठेवणं परवडत नाही."

"अर्धंच सांगतोस," वहिनी म्हणाली. ती अकाउंट्समध्ये आहे, तिला गप्प बसवणं कठीण. "टीम आधीच मर्यादेच्या वर असेल, तर क्ले गेला म्हणून तेवढे पैसे घेऊन बाजारात जाता येत नाही. त्याची जागा रिकामी होते, पण त्या किमतीचा माणूस आणायची मुभा मिळत नाही. म्हणून जुना माणूस महाग वाटला तरी तो सोडण्याची किंमत आणखी जास्त असू शकते."

हे ऐकून मी चालता चालता थांबले. आमच्या ऑफिसात तरी वेगळं काय होतं? काका गेले तर त्यांचं बजेट मला मिळणार नव्हतं. ते वरती कुठेतरी विरघळून जाणार होतं.

बातम्या अशा होत्या की टीमने सीझनच्या आधी, २०२३मध्ये, त्याला दोन वर्षांचे ४ कोटी ८० लाख डॉलर देऊ केले होते आणि ते त्याने घेतले नाहीत. पुढे जुलै २०२४मध्ये तो डॅलसला गेला, तीन वर्षांचे ५ कोटी डॉलर घेऊन. गणित करा. वर्षाला मिळणारी रक्कम कमीच झाली की! टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, डॅलस नुकतंच फायनल खेळलं होतं, हे सगळं खरं. तरी मला वाटलं, हा माणूस निव्वळ पैशासाठी गेला नसावा. आपल्याकडेही बघा ना. ३१ ऑक्टोबर २०२४ला, ऐन दिवाळीत, चेन्नईने धोनीला ४ कोटींत ठेवल्याची बातमी आली. जो एके काळी त्याच्या कितीतरी पट घ्यायचा, तो ४ कोटींत राहिला. म्हणजे आकडा कमी झाला की माणूस जातोच असं नाही. तो आकडा त्याला कसा, कधी आणि कोण सांगतं, त्यावरही बरंच ठरतं.

"तुझं मत काय?" वहिनीने विचारलं.

"मला बास्केटबॉलमधलं काय कळतं?" म्हणून मी सुटका करून घेतली. फॉर्मला अजून सहा दिवस होते.

अठरा हजार टोप्या

मंगळवार, १२ नोव्हेंबर. दुपारनंतरच्या सगळ्या मीटिंग्जना दांडी. पॉवेल स्टेशनला बार्टमधून उतरून मुनीची टी लाइन पकडली. मॅचचं तिकीट दाखवलं की मुनीचं भाडं लागत नाही, ही आयडिया आपल्या पीएमपीने उचलायला हरकत नाही. गाडीत सगळे निळ्या-पिवळ्या कपड्यांत. निम्म्यांच्या पाठीवर ३०, करीचा नंबर. निम्म्यांच्या ११.

चेस सेंटर मिशन बे भागात आहे, एका बाजूला मोठं हॉस्पिटल, दुसऱ्या बाजूला खाडीचं पाणी. २०१९मध्ये उघडलं. बाहेरच्या चौकात ओलाफुर एलियासनने केलेले आरशाचे पाच भलेमोठे गोल आहेत. त्यात आपण उलटे-सुलटे दिसतो, त्यामुळे सगळी जनता सेल्फी काढण्यात दंग. आतलं सगळं चकाचक. कॉफी घेतली तर पुण्यात दोघांचं जेवण झालं असतं. वहिनी म्हणाली, "ओकलंडमध्ये आवाज असायचा. इथे वाय-फाय आहे."

पण त्या रात्री आवाज होता.

सीटवर बसायच्या आधीच हातात टोपी पडली. बोटीच्या कॅप्टनची टोपी! प्रत्येकाला एक. अठरा हजार माणसं मावणाऱ्या त्या स्टेडियममध्ये जिकडे बघावं तिकडे कॅप्टन. सूटबूटवाले, आज्या, कडेवरची बाळं, पॉपकॉर्न विकणारा पोऱ्या. क्ले आला तेव्हा आतल्या रस्त्यावर वॉरियर्सचे कर्मचारी याच टोप्या घालून दुतर्फा उभे होते. ते मोठ्या स्क्रीनवर दाखवलं तेव्हा माझ्या शेजारचा सहा फुटी माणूस घळाघळा रडला. मग त्याने मला नाचोज देऊ केले.

क्लेच्या अंगात डॅलसचा निळा शर्ट, पाठीवर ३१. ११ नंबर त्याला तिकडे मिळाला नाही आणि इकडे वॉरियर्सने आधीच जाहीर केलंय की त्यांचा ११ आता कायमचा निवृत्त होणार.

मॅच काय झाली म्हणता! क्लेने सहा थ्री-पॉइंटर मारले, एकूण २२ पॉइंट. तो मारायचा तेव्हा लोकांना कळेना ओरडावं की कपाळाला हात लावावा. काहींनी दोन्ही केलं. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा डॅलस सहा पॉइंटने पुढे. मग करी सुटला. टीमचे शेवटचे १२ पॉइंट एकट्याने. एकूण ३७. वॉरियर्स १२०, डॅलस ११७. करीने दोन्ही हात गालाखाली घेऊन 'झोपा आता'ची खूण केली.

सगळे खूश होते. खेळाडूला मान मिळाला, टीमला मॅच मिळाली, आम्हाला टोप्या. आणि माझ्या डोक्यात मात्र एकच. निरोप इतका सुंदर देता येतो यांना. मग आदल्या वर्षी समोर बसवून याला नीट सांगितलं होतं का कुणी, की बाबा, तू आम्हाला हवा आहेस, पण आता स्टार म्हणून नाही, बेंचवरून येणारा म्हणून, या किमतीत? सांगितलं असेलही. बंद खोलीतलं आपल्याला काय माहीत?

पण मी कुणाला सांगितलेलं नाही, हे मला माहीत होतं.

बे फेअरचा प्लॅटफॉर्म

रात्री उशिरा फ्रीमाँटला थेट गाडी नसते, बे फेअरला बदलावी लागते. त्याआधी कोलिसियम स्टेशन लागलं. पूल रिकामा, पलीकडे अंधार. आमच्या डब्यातले टोपीवाले काही क्षण गप्प झाले.

बे फेअरला उतरलो. पाऊण वाजून… म्हणजे इकडे पावणेअकरा, पुण्यात दुपारचे सव्वाबारा. काका एकला डबा उघडतात. मी फोन लावला.

"बोल गं. तिकडे रात्र असेल ना? काही अडलं का?"

"नाही काका. तुमच्या कॉन्ट्रॅक्टबद्दल बोलायचं होतं."

"अगं हो! तू परत आलीस की सांगणारच होतो. नाशिकला ओळखीच्यांची छोटी कंपनी आहे. जानेवारीपासून येतो म्हणालोय. कालच शब्द दिला."

काल. सोमवारी. मी कॉफीच्या फोटोंना लाइक करत बसले होते तेव्हा.

"मी आधी बोलायला हवं होतं ना?"

"दिवाळीपर्यंत वाट बघितली मी," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मग म्हटलं, पोरीला अवघड जात असेल. तुला कशाला पेचात पाडा?"

"मी विचारणार होते, तीन दिवस याल का म्हणून. नव्या मुलांना शिकवायला. पैसे कमी झाले असते."

पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"आलो असतो की," काका म्हणाले.

गाडी आली. दादाने काही विचारलं नाही, नुसती माझी टोपी हातात घेतली आणि मला आधी आत चढू दिलं.

शुक्रवारी मी फॉर्म भरला. 'नाही'वर टिक केली, कारण तिसरा पर्यायच नव्हता. कारणाच्या रकान्यात लिहिलं : 'आम्ही उशिरा विचारलं.' सिस्टिमने ते बिनतक्रार स्वीकारलं.

मग बरोबर कोण?

दादाने नंतर पूर्ण सीझनचा हिशोब व्हॉट्सअॅपवर पाठवला. क्लेने डॅलसकडून ॲव्हरेज १४ काढले, थ्री-पॉइंटर ३९ टक्के. ज्या टीमवर विश्वास ठेवून तो गेला, तिने फेब्रुवारी २०२५मध्ये आपला सगळ्यात मोठा स्टार लुका डॉन्चिचलाच लेकर्सला देऊन टाकलं. १६ एप्रिल २०२५ला डॅलसची प्ले-इन मॅच होती सॅक्रॅमेंटोत. तेच कोर्ट, तीच तारीख, जिथे वर्षापूर्वी त्याचे शून्य झाले होते. या वेळी त्याने २३ मारले आणि किंग्जना घरी बसवलं. पण पुढच्या मॅचमध्ये डॅलस बाहेर!

आणि वॉरियर्स? क्ले ज्या सहा टीमच्या व्यवहारात गेला, त्याच व्यवहारातून त्यांच्याकडे बडी हील्ड आला. फेब्रुवारीत जिमी बटलरही आला. मे २०२५मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या सातव्या, निर्णायक मॅचमध्ये हील्डने ९ थ्री-पॉइंटर मारून ३३ पॉइंट काढले. पुढच्या फेरीत मात्र मिनेसोटाने त्यांना गुंडाळलं. हा हील्ड २०१९मध्ये वरळीला आलेल्या किंग्जच्या ताफ्यात होता. माझ्या जुन्या फोनमधल्या कुठल्यातरी हललेल्या फोटोत तो असणार.

दादा म्हणतो, हील्डच्या त्या रात्रीने सिद्ध झालं, सोडलं ते बरोबर. वहिनी म्हणते, क्ले असता तर मिनेसोटाला बघून घेतलं असतं. मला विचाराल तर जुन्या खेळाडूला जुन्या किमतीत ठेवू नये. उपकाराची फेड वॉरियर्सने २०१९मध्ये, तुटलेल्या गुडघ्याला तेराशे कोटी देऊन केलेली होती. पण नव्या किमतीत, नव्या कामासाठी त्याची गरज आहे का, हे कॉन्ट्रॅक्ट संपायच्या खूप आधी ठरवावं आणि तोंडावर सांगावं. त्याने 'नाही' म्हटलं तर टोपी घालून निरोप द्यावा. आधी बोलणं आणि मग टोपी. नुसत्या टोपीला काय, अठरा हजार वाटता येतात.

डिसेंबरात काकांचा सेंडऑफ झाला. केक, समोसे, शाल आणि माझ्याकडून ती कॅप्टनची टोपी. त्यांनी ती घालून बघितली. "ही घालून नाशिकला काय करू? गोदावरीत होडी चालवू?" सगळे हसले. मीही हसले.

२०२५च्या ऑगस्टमध्ये टीममधल्या आणखी एका सीनियरना मी कँटीनमध्ये गाठलं. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरला संपणार होतं. फॉर्म यायला तीन महिने होते. "चहा घेणार?" मी विचारलं. त्यांनी जरा संशयाने बघितलं आणि खुर्ची ओढली.

जायचंच असेल तर…

* केव्हा : एनबीएचा सीझन ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो, साखळी मॅच एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतात. पुढे प्लेऑफ, पण त्याची तिकिटं काढताना छातीवर दगड ठेवावा लागतो. आठवड्यातल्या मधल्या दिवसांच्या, फारशा गाजत नसलेल्या टीमविरुद्धच्या मॅच स्वस्त पडतात.
* कसं : बार्टने पॉवेल स्टेशन, तिथून मुनीची टी लाइन, उतरायचं 'यूसीएसएफ/चेस सेंटर'ला. रात्री परतीची गाडी आधी बघून ठेवा.
* फुकटात : चेस सेंटरबाहेरचा चौक, आरशाचे गोल आणि खाडीकाठचा फेरफटका. तिकीट नसलं तरी संध्याकाळ छान जाते.
* चुकवू नका : ओकलंड. कोलिसियम स्टेशनचा पूल दिवसाउजेडी चालून या आणि मग लेक मेरिट. काठाने दिवे लागतात तेव्हा तिथे असा.
* बरोबर न्या : स्वेटर. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन असं समजून जाल तर सॅन फ्रॅन्सिस्कोच्या वाऱ्यात कुडकुडाल. आणि कुणाशी राहून गेलेलं एखादं बोलणं असेल, तर ते विमानात बसायच्या आधीच उरका.